पाणी गाळतो, पण मोजतो का?



एप्रिल उजाडला की सगळ्यांच्या मोबाईलवर "पाणी वाचवा"चे संदेश फिरू लागतात. पाणी संपणार आहे, म्हणून वाचवा, असं त्यांत लिहिलेलं असतं. वाचताना माझ्या मनात एकच येतं. आपल्याला हे कारण लागायलाच नको होतं. पाणी संपेल म्हणून जपा, असं आपल्या धर्माने सांगितलेलं नाही. पाण्यात जीव आहेत, आणि पाणी हेच ज्यांचं शरीर आहे असे जलकायिक जीवही आहेत, म्हणून जपा, असं सांगितलं. धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी हे कारण उरतंच.

पण आपण या नियमातला अर्धाच भाग घरात ठेवला आहे. पाणी गाळायला आपण विसरत नाही. किती वापरलं, ते मात्र मोजत नाही. आज याच विषयावर थोडं स्पष्ट लिहिते आहे. कुणाला टोचलं तर राग मानू नका.

माझं माहेर लातूरचं. २०१६च्या उन्हाळ्यात मी नववीत होते. २०१४ आणि २०१५ असे दोन पावसाळे लागोपाठ कमी पडले होते. २०१५ला मराठवाड्यात सरासरीच्या साधारण ४० टक्के पाऊस कमी झाला. लातूरला पाणी येतं ते धनेगावच्या मांजरा धरणातून, आणि ते धरण आटलं. नळ बंद झाले. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली, कारण रांगांमध्ये मारामाऱ्या होऊ लागल्या होत्या. त्यात ऊन असं, की १९ मे २०१६ला राजस्थानात फलोदीला पारा ५१ अंशांवर गेला. तो देशातला तोवरचा उच्चांक होता. १९०१पासून नोंदी ठेवल्या जातात, त्यात तोवरचं सगळ्यांत उष्ण वर्ष २०१६च ठरलं. पुढे २०२४ने तोही विक्रम मोडला.

शाळा सकाळची केली होती. घरून पाण्याची बाटली आणायची, शाळेत पाणी मिळणार नाही, असं सांगितलं होतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप लागलं, कारण आत टाकायला पाणीच नव्हतं. म्हणून आम्ही मुली भर उन्हाळ्यात सकाळपासून पाणी पीत नव्हतो. तहान सोसायची, पण जायची वेळ येऊ द्यायची नाही. प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या दोन-तीन मुली तरी दर आठवड्याला चक्कर येऊन पडायच्या. काही जणी शाळेत येईनाशाच झाल्या. घरी टँकरचा नंबर लावायला माणूस नव्हतं, म्हणून मुलीला थांबवलं जायचं, मुलाला नाही. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं घर पुण्याला गेलं आणि परत आलंच नाही.

१२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. जलदूत म्हणायचे तिला. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. शहरात आनंद झाला, फोटो निघाले. त्या दिवशी गणिताच्या बाईंनी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर भागाकार मांडला. वर पाच लाख लिटर, खाली शहराची लोकसंख्या, म्हणजे जनगणनेप्रमाणे तीन लाख ऐंशी हजारांच्या वर. उत्तर आलं माणशी सव्वा लिटरच्या आसपास. बाई काही बोलल्या नाहीत. मागच्या बाकावरून कुणीतरी आपली बाटली वर धरून म्हणालं, "म्हणजे एवढंच." नंतर पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली आणि पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागलं, पण तो पहिला भागाकार माझ्या डोक्यातून गेला नाही. पाणी मोजता येतं, हे मला तेव्हा कळलं. त्याआधी ते नुसतं नळाला यायचं.

घरी हाच हिशेब आजी करायची. आमच्या गल्लीत आठ दिवसांनी टँकर यायचा आणि घरटी दोनशे लिटर मिळायचं. आम्ही सहा माणसं. म्हणजे माणशी दिवसाला चार लिटर. त्यात भागणं शक्य नव्हतं, वरचं पाणी विकत घ्यावं लागायचं, आणि ते कुठल्या बोअरचं आहे याचा पत्ता नसायचा. आजीने टिपाडावर खडूने आठ रेघा मारल्या होत्या. आजचं पाणी आजच्या रेघेपर्यंत. रेघ आली की संपलं, मग घरात पाहुणा असो की कुणाचा वाढदिवस.

त्या चार लिटरांतही आजीने गाळणं सोडलं नाही. जाड सुती कापड दुहेरी करून ती पाणी गाळायची आणि दोन घटका झाल्या की पुन्हा गाळायची. पण खरी अडचण जिवाणीची होती. गाळण्यावर राहिलेले जीव ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात परत सोडायचे, हा नियम आपण सगळ्या जाणतो. आडाचं पाणी असेल तर बुडाला कडी असलेल्या बादलीतून जिवाणी अलगद खाली पोचवता येते. पण हे पाणी कृष्णेचं. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून रेल्वेने आलेलं. त्याची जिवाणी कुठे सोडायची?

शेजारच्या काकू म्हणाल्या, "आपत्काल आहे, आता एवढं कोण बघतंय!" आजी म्हणाली, "कोण बघतंय म्हणून करतो का आपण?" मग तिनेच तोडगा काढला. न गाळलेलं टिपाड हेच आता त्या जीवांचं घर समजायचं आणि जिवाणी हळूच त्यात परत सोडायची. आठवड्याच्या शेवटी तळाशी जे तांब्या-दोन तांबे पाणी उरायचं, ते बाबांकरवी मंदिराच्या आडात सोडायची. त्या आडात गुडघाभरच पाणी होतं आणि ते मुनींच्या आहारासाठी राखून ठेवलेलं होतं. ही रीत शास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरते की नाही, हे पंडितांनी सांगावं. मला त्यात दिसली ती एका बाईची जागरूकता. नियम पाळणं अवघड झालं म्हणून तिने तो सोडला नाही, आणि डोळे मिटून रेटलाही नाही.

त्याच वेळी दुसऱ्या एका बाबतीत तिने रीत बदलली. आमच्याकडे बाजूला बसायची पद्धत होती. चौथ्या दिवशी डोक्यावरून स्नान आणि अंथरूण-पांघरूण, कपडे सगळं पाण्यात. त्या उन्हाळ्यात आई आणि मी दोघी. दोघींच्या चार-चार दिवसांच्या धुण्याला अख्ख्या घराचं दोन दिवसांचं पाणी गेलं असतं. आजीने निर्णय दिला: अंगावरचे कपडे तेवढे धुवायचे, अंथरूण कडक उन्हात टाकायचं, आणि अंगापुरतं एक बादली पाणी. त्या पाण्याला कुणी नाव ठेवायचं नाही. आत्याबाईंना ते पटलं नाही. त्यांनी विचारलं, "मग शुद्धी कशी राहायची?"

त्यावर आजीने जे उत्तर दिलं, तो या लेखाचा गाभा आहे. ती म्हणाली, "आपण ज्यांना नमोस्तु करतो, ते मुनी महाराज आयुष्यभर स्नान करत नाहीत. ते अशुद्ध आहेत का?"

मैत्रिणींनो, विचार करा. मुनींच्या २८ मूलगुणांमध्ये अस्नान आहे. त्यांच्याजवळ पाणी असतं ते फक्त कमंडलूतलं, शौचापुरतं. ज्यांच्यापुढे आपण मान झुकवतो, त्यांच्या जीवनात पाण्याची शुद्धी इतकी थोडी आणि संयमाची शुद्धी इतकी मोठी. मग आपल्या घरी शुद्धी म्हणजे जास्त पाणी, हे समीकरण कुठून आलं? ओटा तीनदा धुणं, अंगण पाइपने धुणं, सोवळ्याचे कपडे नुसते शिवले गेले म्हणून पुन्हा पाण्यात टाकणं. यातल्या किती गोष्टी आगमातल्या आणि किती शेजारणीचं बघून आलेल्या? आपल्याला ते वेगळं करता यायला हवं.

श्रावकांच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती आहे. काही गरज नसताना केलेली हिंसा ती अनर्थदंड. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक प्रमादचर्या. त्यात विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वारा घालणं, झाडं तोडणं हे सगळं येतं. म्हणजे नळ उघडा ठेवून भांडी घासणं हा आपल्याकडे नुसता निष्काळजीपणा नाही, तो व्रताला लागलेला दोष आहे. पाणी गाळून पिणारी श्राविका गाळलेल्या पाण्याच्या चार बादल्या अंगणात ओतते, तेव्हा तिने गाळून काय मिळवलं?

आता दोन आक्षेप. ते मला घरातच ऐकायला मिळतात, म्हणून टाळता येत नाहीत.

पहिला असा: "तू एक बादली वाचवून काय होणार? पाणी तर ऊस पितो." हे खरं आहे. आपल्या देशात वापरल्या जाणाऱ्या पाण्यातला सुमारे ८० टक्के वाटा शेतीचा आहे. महाराष्ट्रात लागवडीखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावर ऊस, आणि सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून बराच अधिक वाटा त्याचा. एक किलो साखरेमागे दीड ते दोन हजार लिटर पाणी, असा हिशेब दिला जातो. म्हणजे आमच्या टिपाडाची दहा आठवड्यांची भरती एका किलो साखरेत. दुष्काळी मराठवाड्यातही उसाचे कारखाने उभे होते, हे लातूरकर विसरलेले नाहीत.

पण हा आक्षेप घेऊन आपण कुठे जातो? "ऊस पितो" म्हणून नळ उघडा ठेवायचा? आणि ऊस कोण लावतो, हेही बघायला हवं. माझं सासर शिरोळ तालुक्यातलं. मिरज आमच्या शेजारी. जलदूतचं पाणी भरलं गेलं ते आमच्या अंगणाजवळ म्हणायला हरकत नाही. दक्षिण महाराष्ट्रातले आपले कितीतरी जैन बांधव शेतकरी आहेत, आणि त्यांच्या शेतात ऊसच आहे. आमच्याही आहे. वर्षातून एकदा अक्षय्य तृतीयेला आपण आदिनाथ भगवानांच्या पहिल्या आहाराची आठवण काढतो. राजा श्रेयांसाने हस्तिनापुरात त्यांना इक्षुरस दिला. ओंजळीत मावेल एवढा रस, आणि तो घेणाऱ्याला त्याची किंमत माहीत होती. आपण त्याच उसाला पाटाने पाणी सोडून रात्रभर झोपी जातो.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी हा विषय मामंजींपुढे काढला. ते शांतपणे म्हणाले, "उसाला ठरलेला दर आहे, पोरी. दुसऱ्या पिकाला उद्या बाजारात कोण विचारणार?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. शेतकऱ्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. बाकीच्या पिकांना उसासारखी हमी मिळत नाही, तोवर तो ऊसच लावणार. पण त्यांच्याच पाऊण एकराचा तुकडा पांढरा पडला होता. शिरोळमधल्या मैत्रिणींना सांगायला नको, जास्त पाण्याने जमीन क्षारपड होते, मीठ वर येतं आणि मग तिथे गवतही धड उगवत नाही. मी त्यांना तो तुकडा दाखवला नाही, त्यांना तो रोज दिसतच होता. एवढंच म्हटलं, "बाबा, माझ्या माहेरी पाण्यावाचून जमीन गेली, इथे पाण्याने जातेय." गेल्या वर्षी दोन एकरांना ठिबक बसलं. उरलेल्या शेतीचं बोलणं अजून चालू आहे. घरातली बाई शेतीच्या निर्णयात बोलत नाही, असा आपल्याकडे रिवाज आहे. तो या एका बाबतीत तरी मोडायला हवा. पाण्याची टंचाई आली की रांगेत आपणच उभ्या राहतो.

दुसरा आक्षेप धर्माच्या बाजूचा: "अभिषेकाला, चौक्याला पाणी मोजायचं का?" माझं म्हणणं, हो, तिथेच आधी मोजावं. त्या उन्हाळ्यात आमच्या मंदिरात अभिषेक एका छोट्या कलशाने व्हायचा. भाव कमी झाला नाही. उलट, पाण्याची धार किती बारीक सोडायची याकडे सगळ्यांचं लक्ष असायचं, इतर वेळी बोलणं चालू असतं. चौका लावायचा तर आडाचं पाणी लागतं, म्हणूनच आड जिवंत ठेवणं हे आपलं काम आहे. किती गावांत मंदिराचा आड कचऱ्याने भरलेला आहे आणि चौक्याच्या दिवशी धावपळ होते! पर्युषणातल्या एका दिवसाच्या सजावटीचा खर्च आडाचा गाळ काढायला आणि छतावरचं पाणी त्यात सोडायला पुरेल.

दुष्काळ आपल्या समाजाला नवा नाही. मगधात बारा वर्षांचा दुष्काळ पडणार, हे ओळखून भद्रबाहू स्वामी संघ घेऊन दक्षिणेत आले, चंद्रगुप्त त्यांच्यासोबत श्रवणबेळगोळला आले, अशी आपली परंपरा सांगते. तेराव्या शतकात कच्छच्या भद्रेश्वरचा जगडूशा दुष्काळात धान्याची कोठारं उघडून बसला, म्हणून आजही त्याचं नाव घेतात. आणि माझ्या आजीने बहात्तर पाहिला. तिच्या सांगण्यात लाल मिलो असायचा. तो निवडता निवडता डोळे दुखायचे आणि भाकरी थापली की फुटायची. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका आणि त्यांना मिळणारी सुकडी असायची. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ला झाला. आजी म्हणायची, "बहात्तरला धान्य नव्हतं, पण खणलं की पाणी लागायचं. आता दुकानात धान्य भरलेलं आहे आणि खाली पाणी नाही." दोन दुष्काळांतला फरक एवढ्या थोडक्यात मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस लातूरला इतका पाऊस झाला की मांजरा धरण भरलं. नळ पुन्हा सुरू झाले. आणि दिवाळीपर्यंत आमच्या गल्लीत पाइपने गाड्या धुणं सुरू झालं. मला दुष्काळापेक्षा याचंच जास्त वाईट वाटलं. भीतीने केलेली काटकसर भीतीबरोबर जाते. व्रत म्हणून घेतलेली टिकते. आपल्याकडे व्रत आहे, ही आपली खरी श्रीमंती आहे.

म्हणून या चातुर्मासासाठी एक सुचवते. भोगोपभोग परिमाणात आपण रोजचे नियम घेतोच. आज इतके पदार्थ, इतकी वस्त्रं, वाहन घेईन की नाही. त्या जुन्या यादीत स्नानही आहे. तर या वर्षी पाण्याचा नियम आकड्यात घ्या. स्नानाला एक बादली, धुण्याला अमुक, अंगणाला शून्य. ज्यांच्याकडे शुद्धीकरणाचं यंत्र आहे त्यांनी बघावं, बऱ्याच घरगुती यंत्रांत एक लिटर पाणी मिळताना दोन-तीन लिटर बाहेर पडतं. त्या नळीखाली बादली ठेवा, फरशी त्यानेच पुसा. मुलींच्या शाळेत जाऊन एकदा स्वच्छतागृहात पाणी आहे का ते विचारा. टंचाईचं वर्ष असेल तर नक्की विचारा, कारण मुली घरी सांगत नाहीत. आणि दारात उन्हाळ्यात पाणपोईचा एक माठ ठेवा, गाळलेल्या पाण्याचा.

नियम लहान घ्या, पण मोजून घ्या, आणि घरातल्या पुरुषांनाही द्यायला विसरू नका. तुम्ही किती बादल्यांचा नियम घेतला ते मला जरूर कळवा. माझ्याकडे स्वयंपाकघराच्या दारामागे खडूच्या रेघा मारलेल्या आहेत. मुलगा दोन वर्षांचा आहे, त्याला त्या पुसायला फार आवडतात. मी परत मारते.